हलणारा स्टँचन: जुन्या शिडाच्या बोटीचं डेक हार्डवेअर पुन्हा नीट कसं बसवायचं

स्टँचन, म्हणजे डेकच्या कडेला कठड्याच्या तारा धरणारा खांब, हलतोय म्हणून आत केबिनमध्ये आडवं होऊन नटावर पाना चढवला, अर्धा फेरा आवळला, हलणं थांबलं. वर बेसच्या कडेने सिलिकॉनची एक रेघ ओढली. काम झालं असं वाटतं. पुढच्या हंगामात तोच स्टँचन पुन्हा डुलायला लागतो आणि या वेळी खालच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) चहाच्या रंगाचे डाग दिसतात.

तो चहाचा रंग लाकडाचा असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे बांधलेल्या बहुतेक फायबरग्लास बोटींचं डेक हे सँडविच असतं. वर ३-४ मिलिमीटरचा फायबरचा थर, खाली २-३ मिलिमीटरचा आणि मधे १० ते १५ मिलिमीटर बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. जगभर शर्यतींत धावणाऱ्या जे-२४ बोटीचं डेकही बाल्साचंच. बाल्साचे तंतू उभे लावलेले असतात, त्यामुळे पाणी आडवं सहज पसरत नाही. पण डेकच्या वळणावर बसावं म्हणून बाल्साची पाटी लहान चौकोनांत चिरलेली असते आणि त्या चिरांतून पाणी वाट काढत जातं.

या सँडविचमधून बोल्ट आरपार जातो. बोल्टाभोवतीचं सीलंट म्हातारं झालं की पाणी भोकात उतरतं आणि बाल्सात मुरतं. ओला बाल्सा मऊ पडतो. मऊ झालेल्या लाकडावर नट आवळला की वरचा आणि खालचा थर एकमेकांकडे दबतात, बोल्टाचा ताण पुन्हा सैल होतो आणि बेसभोवती डेकला बशीसारखा खळगा पडतो. त्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं. म्हणजे पाना फिरवून आपण गळतीसाठी वाटीच तयार करून दिली. वरून ओढलेली सिलिकॉनची रेघ तर आत शिरलेलं पाणी बाहेरही पडू देत नाही. हलणाऱ्या हार्डवेअरमध्ये बोल्टाचा दोष क्वचितच असतो. दोष त्याच्या भोवतीच्या लाकडात असतो. म्हणून दुरुस्तीही लाकडापासून सुरू करायची.

पुढचं सगळं सँडविच डेकसाठी आहे. अखंड फायबरचं डेक असेल तर भोकं मोठी करून भरण्याचा भाग सोडून द्या. लाकडी डेकच्या बोटीचं तंत्र पूर्ण वेगळं, त्याची इथे सरमिसळ नको.

स्टँचनपासूनच का सुरुवात करायची

कारण डेकवरच्या सगळ्या वस्तूंत सर्वात वाईट तरफ त्याची असते. हिशोब करून बघा. स्टँचनची उंची ६१० मिलिमीटर. बेसच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या बोल्टांच्या रांगेपर्यंत अंतर ६० मिलिमीटर. कोणी धक्क्यावरून बोटीवर चढताना वरच्या टोकाला धरून ६० किलोचा ओढा दिला, तर आतल्या दोन बोल्टांवर मिळून सुमारे ६१० किलोचा उपसा येतो, प्रत्येकी ३०० च्या वर. ओल्या बाल्साला हे झेपत नाही. स्टँचनला धरून बोटीवर चढू नका, चढायचं तर डोलकाठीच्या तारा धरा, हे पाहुण्यांना सांगणं म्हणजे निम्मी दुरुस्ती.

क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ताणायचा रहाट), जेनोआचा ट्रॅक (पुढच्या मोठ्या शिडाचा दोर सरकवायची पट्टी), पुलपिट (नाळेवरचा कठडा) यांची पद्धत तीच, फक्त भार वेगळा. म्हणून खाली चार बोल्टांच्या, एम६ म्हणजे ६ मिलिमीटर मापाच्या स्टँचन बेसचं उदाहरण धरून सगळं सांगितलं आहे.

आधी ठोकून बघा

एक प्लास्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि मुठीने डेकवर हलके ठोके देत बेसपासून बाहेरच्या दिशेने जा. चांगलं डेक टणक, कोरडा आवाज देतं. ओलं किंवा सुटलेलं डेक बद्द वाजतं, जुन्या भिंतीचं पोकळ प्लॅस्टर वाजतं तसं. आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि सगळ्या खुणा जोडा. नकाशा तयार होईल. आत डेकखाली काही जागी टेकू किंवा बल्कहेड (आडभिंत) असतं, तिथे आवाज आपोआप बदलतो. तो दोष समजू नका.

आवाजावर पूर्ण भरवसा नको. शंका असेल तिथे केबिनच्या आतून, म्हणजे खालच्या थरातून, ३ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडा आणि बिटवरचा भुसा बोटांत चुरून बघा. बिटला टेपची पट्टी गुंडाळून खोलीची मर्यादा ठेवा, म्हणजे वरचा थर फुटणार नाही. भुसा फिकट आणि कोरडा असेल तर लाकूड ठणठणीत. तपकिरी आणि बोटाला गार लागणारा असेल तर ओल आहे. काळा, चिकट, कुबट वासाचा लगदा निघाला तर लाकूड संपलं. खालून पाडलेली भोकं नंतर इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने) बुजवता येतात आणि दिसतही नाहीत.

इथेच निर्णय घ्यायचा. बद्द आवाज बेसच्या बाहेर ३-४ सेंटिमीटरपर्यंतच असेल तर या लेखातली दुरुस्ती पुरते. खूण तळहाताहून मोठी झाली तर बोल्टाच्या भोकातून काम भागत नाही. वरचा थर कापून उचलावा लागतो, सगळं ओलं लाकूड खरवडून नवा बाल्सा बसवावा लागतो आणि कापाची कड दोन्ही बाजूंनी उतरती घासून त्यावर नवे फायबरचे थर चढवावे लागतात. उतार किमान १२ ला १, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या थराला ४८ मिलिमीटरची उतरण. ते काम वेगळं आणि मोठं. मधला मार्ग म्हणून काही जण डेकला जागोजागी भोकं पाडून त्यात पातळ इपॉक्सी टोचतात. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. पाणी आत कोंडलं जातं, पैसे जातात आणि पुढच्या माणसाला ते डेक कापणं आणखी अवघड होतं.

गळती नेमकी कुठून आहे हेही लगेच कळत नाही. पाणी डेक आणि आतल्या लायनरच्या (छताच्या अस्तराच्या) मधून वाहत जातं आणि भलतीकडेच टपकतं. खिडकी गळते म्हणून खिडकी दोनदा बसवून झाल्यावर कळतं की पाणी दोन मीटर पुढच्या क्लीटचं होतं. खात्रीचा उपाय असा: सगळे हॅच (डेकवरची झाकणं), व्हेंट (हवेची भोकं) आणि कॉकपिटची दारं टेपने बंद करा, एका व्हेंटमधून ब्लोअरने केबिनमध्ये हलकी हवा सोडा आणि डेकवर प्रत्येक बेसभोवती भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे फेस फुगतो तिथे वाट आहे. हवा अगदी हलकी हवी. दाब वाढवून हॅच उडवायचे नाहीत.

सामान

बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. ३०४ आणि ३१६ चुंबकाने ओळखता येत नाहीत, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. बोल्टाच्या डोक्यावरचा शिक्का वाचा: ए४ म्हणजे ३१६, ए२ म्हणजे ३०४. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात आणि दुकानदार विचारल्याशिवाय ए२ च देतो. खाऱ्या हवेत ए२ ला काही महिन्यांत चहासारखे डाग पडतात.

लांबीचा हिशोब दुकानात जाण्याआधी कागदावर करा. डेक २० मिलिमीटर, बेसची पाटी ५, बॅकिंग प्लेट (डेकखाली नटांना आधार देणारी पाटी) ६, वायसर १.५, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) ६ आणि नटाबाहेर निघायला हवेत ते तीन आटे ३ मिलिमीटर. बेरीज ४१.५. मग ४५ चा बोल्ट घ्या. ४० चा घेतला तर नटाबाहेर तीनऐवजी जेमतेम दीड आटा निघेल, आणि बोल्ट नायलॉन कड्यापर्यंत पोचलाच नाही तर नायलॉक म्हणजे साधा नट.

बॅकिंग प्लेटसाठी जी१० शीट, म्हणजे काच आणि इपॉक्सीचा पक्का पत्रा, ६ मिलिमीटर जाड. मुंबईत लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या दुकानांत ‘ग्लास इपॉक्सी शीट’ म्हणून मागितली की मिळते. पॅनेलवाले हीच वापरतात. हिरवट-पिवळी आणि उजेडाला धरली तर किंचित पारदर्शक दिसते. तपकिरी हायलम शीट तिच्या बदल्यात घेऊ नका. हायलम कागदाची असते, कडेने ओल पिते आणि फुगते. प्लायवूडची प्लेटही नको, कारण ओल्या लाकडाच्या त्रासातून सुटायलाच तर हे सगळं चाललंय.

इपॉक्सी पातळ आणि मंद हार्डनरवाली घ्या. वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०६ हार्डनर हे प्रमाण ५ ला १ असतं. उष्ण हवेसाठीचा २०९ हार्डनर ३ ला १ असतो. दोन्हींचे पंप वेगळे, ते एकमेकांना लावले की मिश्रण कधीच वाळत नाही. २०६ चा कपातला वेळ २२ अंशांना २० ते २५ मिनिटं असतो. मे महिन्यात डेकवर तो निम्म्यावर येतो आणि कप हातात तापायला लागतो. कपात ढीग करून ठेवण्यापेक्षा पसरट बशीत ओता, मिश्रण जास्त वेळ टिकतं.

फिलर (इपॉक्सी घट्ट करणारी पूड) म्हणून कोलॉइडल सिलिका किंवा बोल्टांसाठीचा उच्च घनतेचा फिलर. पांढरे हलके मायक्रोबलून नकोत. ते घासायला सोपे म्हणून मिस्त्री आवडीने वापरतात, पण बोल्टाचा दाब सहन करत नाहीत. टाल्क पावडरही नको.

बाकी: औषधाच्या दुकानातल्या १० मिलिलिटरच्या सिरिंज, सुई न लावता. ६.५, १२ आणि १३ मिलिमीटरची बिटं, ९० अंशांचं काउंटरसिंक बिट, ॲसिटोन, नायट्राइल हातमोजे, एन९५ मास्क, चष्मा, पांढऱ्या कापडाचे तुकडे आणि ब्युटाइल टेपची (चिकट, मऊ सीलंटच्या पट्टीची) एक गुंडाळी.

काढणं

आधी आतून नट उघडे करा. जुन्या बोटीत ते लायनरच्या मागे लपलेले असतात. लायनरला ठिकठिकाणी चिरे मारू नका. नटाखाली गोल करवत लावून एक नीट भोक कापा, नंतर ते झाकणाने बंद करता येतं. कापण्याआधी हात घालून किंवा आरशाने वायर बघा. पुलपिटवरच्या दिव्यांच्या वायरी अनेकदा डेकखालून याच वाटेने जातात.

नट सुटत नसेल आणि फिरवताना किंचाळत असेल तर आटे एकमेकांत चिकटले आहेत. स्टेनलेसवर स्टेनलेस जोराने फिरवलं की असं होतं. जोर वाढवून बोल्ट तुटेल. तो तुटला तरी चालेल, पण वरचं डोकं फिरत राहून भोक मोठं करेल ते वाईट. नट कापणारं हत्यार किंवा ऑसिलेटिंग मल्टिटूल वापरा. अँगल ग्राइंडर नको. त्याच्या ठिणग्या जेलकोटमध्ये (फायबरवरच्या चकचकीत वरच्या थरात) रुततात आणि पहिल्याच पावसात डेकवर गंजाचे हजार ठिपके उमटतात.

बेस सुटल्यावर तो पहारीने उचकटू नका. पॉलियुरेथेन गोंदाने बसवला असेल तर जेलकोटचा तुकडा घेऊनच वर येईल. हीट गनने धातू गरम करा, हाताला चटका बसेल इतपतच, आणि पातळ पात्याचा स्क्रॅपर किंवा गिटारची तार दोन्ही हातांनी करवतीसारखी खाली ओढत जा.

काढलेल्या बोल्टाकडे नीट बघा. डोकं चमकतंय, टोक चमकतंय, पण मधे, डेकच्या आत असलेल्या भागात, तपकिरी खड्डे आणि बोल्ट बारीक झालेला. स्टेनलेसला गंजापासून वाचायला प्राणवायू लागतो. ओल्या बाल्सात तो मिळत नाही, म्हणून गंज नेमका लपलेल्या जागी लागतो. जुना एकही बोल्ट परत वापरू नका. बेसच्या पाटीवर पाइप जिथे वेल्ड केलाय तिथे भिंगाने बघा. केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर ती चीर असू शकते. वेल्डिंगच्या दुकानात मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या तपासणीच्या स्प्रेने खात्री करून घ्या.

आता, भोकं मोठी करण्याआधी, एक गोष्ट विसरू नका: साचा. ट्रेसिंग पेपर बेसवर ठेवून भोकं आणि बेसची कड रेखाटा आणि डेकच्या कडेपासूनचं अंतर दोन जागी मोजून लिहा. इपॉक्सी भरल्यावर जुन्या भोकांचा मागमूस राहत नाही आणि मग स्टँचन ओळीतून सेंटिमीटरभर बाहेर बसतो.

भोकं: मोठी करा, कोरा, भरा

प्रत्येक भोक वरून १३ मिलिमीटरच्या बिटने मोठं करा. सरळ आरपार केलं तरी चालतं. खालचा थर अखंड ठेवता आला तर अधिक चांगलं, इपॉक्सी खाली गळत नाही. त्यासाठी वरचा थर आणि लाकूड मोठ्या बिटने घ्यायचं, खालचं जुनं ६ मिलिमीटरचं भोक तसंच ठेवायचं आणि आतून टेप लावायची.

मग लाकूड कोरायचं. एल आकाराच्या ॲलन कीचा लांब दांडा ड्रिलमध्ये पकडा, वाकलेलं टोक भोकात घाला आणि हळू फिरवा. दोन थरांच्या मधला बाल्सा सगळीकडून ६-७ मिलिमीटर आत खरवडला जातो. आत साधारण २५ मिलिमीटर व्यासाची पोकळी तयार होते, वर आणि खाली मात्र १३ चंच तोंड. ती पोकळी इपॉक्सीने भरली की बोल्टाभोवती एक घट्ट खुंटी तयार होते, पाणी लाकडापर्यंत पोचत नाही आणि आवळताना थर दबत नाहीत. बाल्साचा भुसा व्हॅक्यूमने ओढून काढा आणि रंग बघा. अजून तपकिरी येत असेल तर आणखी कोरा. फिकट, कोरडं लाकूड लागेपर्यंत.

कोरलेली भोकं लगेच भरू नका. लाकूड किंचित दमट वाटलं तरी एक-दोन दिवस उघडी ठेवून वाळवा, आतून छोटा पंखा लावून. भोकात ॲसिटोन ओतून वाळवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. बंद केबिनमध्ये ॲसिटोनची वाफ भरते आणि एका ठिणगीत बोट जाते, शिवाय लाकडातली खोलवरची ओल त्याने जात नाही. मुंबईत हे काम ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे करावं. पावसाळ्यात बोट धक्क्यावर असतेच, पण त्या हवेत काहीच वाळत नाही.

वेळ निवडायची ती दुपारी तीननंतरची. सकाळी डेक तापत जातं, लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओतलेल्या इपॉक्सीतून बुडबुडे येत राहतात. वाळल्यावर भोकांत केसासारखे बोगदे उरतात आणि त्यांतूनच पाणी जातं. उन्हं कलताना डेक थंड होतं, हवा आकुंचते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. हिवाळ्यात रात्री दव पडतं, म्हणून भरलेल्या भोकांवर प्लॅस्टिकचा छोटा तंबू करा.

मात्रा अशी. एका भोकाची पोकळी आणि तोंडं मिळून सुमारे ७ मिलिलिटर. चार भोकं म्हणजे २८. थोडं वाया जाणार. ३६ मिलिलिटर मिसळा: ५ ला १ च्या हिशोबाने ३० रेझिन, ६ हार्डनर. दोन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत.

पहिली फेरी फिलरशिवाय. सिरिंजने प्रत्येक भोकात थोडी पातळ इपॉक्सी घाला आणि ब्रशने कोरलेल्या कडांना लावा. कोरडा बाल्सा ती लगेच पितो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लावा. ही फेरी वगळली तर लाकूड घट्ट मिश्रणातलं रेझिन शोषून घेतं, फिलर कोरडा राहतो आणि खुंटी लाकडाला चिकटत नाही.

मग उरलेल्या मिश्रणात फिलर घाला. बासुंदीपेक्षा घट्ट, श्रीखंडापेक्षा सैल. सिरिंजचं तोंड ३ मिलिमीटरपर्यंत कापा, भोकाच्या तळाला टेकवा आणि भरत वर या. वरून ओतलं तर हवा तळाला अडकते. भोक किंचित उंच भरा, कारण अर्ध्या तासात पातळी खाली उतरते. आतून लावलेली टेप प्लॅस्टिकने झाकलेल्या प्लायच्या तुकड्याने दाबून धरा, नाहीतर सकाळी बंकवर गोठलेला ओघळ मिळेल.

२४ तासांनी पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर आला असेल तर तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा. न धुता पॉलिश पेपर चालवला तर मेण घासून खोल बसतं. मग डेकच्या पातळीत घासा.

साचा ठेवून केंद्र खुणा करा. आधी ३ मिलिमीटरचं पायलट भोक, मग ६.५. वेग कमी, दाब कमी. बोटीला उतार असला तरी ड्रिल बेसच्या पाटीला काटकोनात हवं. प्रत्येक भोकाचं वरचं तोंड काउंटरसिंक बिटने १० मिलिमीटर रुंदीपर्यंत उतरतं करा, खोली पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. हा छोटासा खळगा सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यात सीलंटचं जाड कडं बसतं, ओ-रिंगसारखं. सपाट डेकवर आवळलं तर सगळं सीलंट पिळून बाहेर जातं आणि कागदाइतका थर उरतो.

बॅकिंग प्लेट

प्लेट बेसपेक्षा सगळीकडून २५ मिलिमीटर मोठी. ७० मिलिमीटरच्या बेसला १२० बाय १२० ची प्लेट. चार मोठे २५ मिलिमीटरचे वायसर मिळून सुमारे १८ चौरस सेंटिमीटरवर भार देतात. ही प्लेट १४४ वर, म्हणजे जवळपास आठपट. कोपरे गोल घासा. टोकदार कोपरा फायबरमध्ये चीर सुरू करतो आणि केबिनमध्ये डोक्यालाही लागतो.

डेकची आतली बाजू खडबडीत असते, म्हणून प्लेट फक्त दोन-तीन बिंदूंवर टेकते. प्लेट ८० नंबरच्या पेपरने घासून, श्रीखंडाइतक्या घट्ट इपॉक्सीवर बसवा. बोल्टांना मेण लावून ते भोकांतून खाली घाला, नट बोटाने टेकवा आणि कडेने बाहेर आलेलं मिश्रण पुसून घ्या. पाना नको; नुसतं टेकलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी बोल्ट काढून घ्या. आता प्लेट डेकचाच भाग झाली.

कोणतं सीलंट

ब्युटाइल टेप. बहुतेक हार्डवेअरसाठी आमचं मत ठाम आहे. ती कधीच वाळत नाही, लवचीक राहते आणि दहा वर्षांनी बेस काढायचा झाला तर हातांनी सुटते. पण योग्य टेप घ्या. गाडीच्या काचेसाठीच्या काही टेपमध्ये रबराची दोरी असते, ती दबत नाही. छपरासाठी मिळणारी चांदीची फॉइल लावलेली टेप हे वेगळंच सामान. डिझेल किंवा पेट्रोल भरायच्या टोपीभोवती ब्युटाइल नको, इंधनात ती विरघळते, तिथे पॉलिसल्फाइड सीलंट.

पॉलिसल्फाइड धातू, फायबर आणि सागवानासाठी उत्तम, पण ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसीला खातं. सिकाफ्लेक्स २९१ सारखं सागरी पॉलियुरेथेन चालतं, काढायला मात्र त्रास देतं. ३एम ५२०० हा गोंद आहे. हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेकचा जोड कायमचा चिकटवायला ठीक, स्टँचनला नाही. आणि सिलिकॉनची नळी डेकवर येऊच देऊ नका. ते काढल्यावरही अदृश्य थर उरतो, त्यावर रंग, इपॉक्सी, दुसरं सीलंट काहीच चिकटत नाही.

बसवणं

डेक आणि बेस दोन्ही ॲसिटोनने पुसा, कापड पांढरं राहीपर्यंत. बेसच्या तळाला ब्युटाइलची पट्टी, भोकांभोवती दुहेरी. बोल्टाच्या डोक्याखाली चिमूटभर ब्युटाइल शंकूसारखं गुंडाळा, म्हणजे ते काउंटरसिंकच्या खळग्यात जाऊन बसेल. उन्हात ब्युटाइल बोटांना चिकटते. गुंडाळी अर्धा तास बर्फाच्या डब्यात ठेवा, मग कागद सोलता येतो. आट्यांवर ते एकमेकांत चिकटू नयेत म्हणून अँटीसीझ पेस्ट किंवा लॅनोलिन. बेस ॲल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (दोन धातू वेगळे ठेवणारा लेप) लावल्याशिवाय बसवू नका, नाहीतर दोन धातू खाऱ्या पाण्यात बॅटरी होतात आणि ॲल्युमिनियमची पांढरी पावडर होते.

दोन माणसं लागतात. वरचा बोल्टाचं डोकं पक्कं धरून ठेवतो, खालचा नट फिरवतो. बोल्ट फिरवला तर डोक्याखालचं ब्युटाइल भोकातून मुरडत तुटतं. चारही नट थोडे थोडे, कर्णरेषेत. ब्युटाइल हळू बाहेर येते. ती बाहेर येणं थांबलं की त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एका दिवसात सगळं दाबायची घाई केली तर पाना जड वाटतो आणि घट्ट झालं असं समजून आपण थांबतो. ब्युटाइल मात्र अजून जाडच असते. बाहेर आलेली कडा प्लॅस्टिकच्या पट्टीने कापा.

पॉलिसल्फाइड वापरत असाल तर उलट: पहिल्या दिवशी कडेने सलग कणी बाहेर येईपर्यंतच आवळा, आणि सीलंट वाळल्यावर फक्त नट पाव फेरा आवळा.

काही अपवाद

चेनप्लेट. डोलकाठी ज्या तारांवर उभी असते त्या याच प्लेटवर येतात. एका वेळी एकच सोडा, आणि त्याआधी त्या बाजूला हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) ताणून डोलकाठीला आधार द्या. चेनप्लेट पूर्ण बाहेर काढून डेकच्या पातळीवरचा भाग बघायलाच हवा. वरून चकचकीत असलेली चेनप्लेट डेकमध्ये निम्मी खाल्लेली निघते. चीर किंवा खड्डे असले तर ती घासून परत बसवू नका, नवी करा.

जेनोआच्या ट्रॅकला पंधरा-वीस बोल्ट असतात. सगळे एकदम काढले तर ट्रॅक सरळ होतो आणि डेकच्या वक्रावर परत बसवताना भोकं जुळत नाहीत. भोकं भरण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या भोकाची जागा नीट नोंदवा आणि बसवताना मधून दोन्ही टोकांकडे या.

विंचच्या बेसखाली काउंटरसंक बोल्ट असतात. त्यांच्या तिरक्या डोक्यांना ब्युटाइल शंकू न करता चकतीसारखी लावा.

बेसभोवती जेलकोटला चांदणीसारख्या भेगा असतील तर त्या बुजवायची घाई करू नका. आधी वरचं सगळं करा, एक हंगाम जाऊ द्या. भेगा वाढल्या नाहीत तर मग त्या व्ही आकारात कोरून जेलकोट भरा. वाढल्या तर खाली अजून काही हलतंय.

तपासणी

बसवल्यावर चार दिवसांनी आतून प्रत्येक नटाखाली टॉयलेट पेपरचा तुकडा सेलोटेपने लावा. वरून पाइपने पाणी सोडा, आधी खालच्या बाजूच्या बेसवर, दहा मिनिटं, मग वरच्या. एकदम सगळं डेक भिजवलं तर कोणता बेस गळतो ते कळणार नाही. कागद कोरडे राहिले तर ते तसेच ठेवून बोट एकदा भरवाऱ्यात, कलंडून, चालवून आणा. गळतीच्या काही वाटा स्टँचनवर भार आल्यावरच उघडतात. परत आल्यावर कागद बघा, आणि बोटीच्या वहीत तारीख, बोल्टाचं माप आणि कोणतं सीलंट लावलं ते लिहून ठेवा.